बंद पडलेल्या कूलरचा करंट

दादा,

तुझा टेस्टर मी उचलला आहे. हॉस्पिटलातून परत आलेल्या कपड्यांच्या गाठोड्यात, तुझ्या सदऱ्याच्या खिशात होता. कोणाला विचारलं नाही आणि कोणाला सांगितलंही नाही. विचारलं असतं तर वहिनी म्हणाली असती, राहू द्या, अमोलला लागेल. आणि तुझ्या त्या लेकानं तो कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये टाकून दिला असता. खरं सांगू का, तू गेल्यापासून तुझ्या घरातलं एकही माणूस मला सरळ वाटेनासं झालं होतं. चहाचा कप हातात देताना जो तो माझ्या तोंडाकडे बघायचा, मला काय काय कळलंय याचा अंदाज घेतल्यासारखा. आणि असं काही वाटलं की सांगायचं कोणाला, तर तुलाच. आपण दोघं एकाच मातीचे. समोरचा "काही नाही" म्हणाला की आपल्याला लगेच वाटायचं, आहे काहीतरी.

भेटायला आलेले सगळे एकच सांगत होते. लाईटचं काय, कोणालाही लागते, कोणाचा भरवसा आहे. मी मान हलवायचे आणि मनात म्हणायचे, कोणालाही लागेल, पण दादाला कशी लागेल? जो माणूस पाहुणा म्हणून गेला तरी आधी उलट्या हाताची बोटं फ्रिजला लावून बघायचा, त्याला? "सरळ हातानं धरलं अन् करंट असला तं मूठ बंद होते, सुटत नाही," हे तू मला मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ऐकवलंस. लकडगंजला लाकडं कापायच्या आरा मशीनवर मुकादमी करताना तू एक माणूस मोटरला चिकटलेला पाहिला होतास. त्याबद्दल तू कधी सविस्तर बोलला नाहीस. पण तेव्हापासून टेस्टर तुझ्या खिशात आला आणि शंका डोक्यात.

माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न आठवतं? काटोलला. मुहूर्त जवळ आला होता, नवरदेव दारात, आणि तू मांडवाच्या एकेका लोखंडी खांबाला टेस्टर लावत फिरत होतास. मांडववाला वैतागला. म्हणाला, "काका, सारी लायटिंग नवी आहे." तू म्हणालास, "नवी आहे म्हनूनच पाहून राहिलो." माझ्या सासरची मंडळी तोंड लपवून हसत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मग आईस्क्रीमच्या टेबलाजवळच्या खांबाला टेस्टर पेटला. तू आरडाओरडा केला नाहीस. दोन्ही हात पसरून त्या खांबापुढे उभा राहिलास आणि वायर बदलेपर्यंत एकाही पोराला जवळ येऊ दिलं नाहीस. त्या दिवशी मी तुला काही बोलले नाही, कारण तोवर मला तुझा राग आला होता आणि तो इतक्या लवकर गिळता येत नव्हता. आता म्हणते, तुझे उपकार आहेत रे आमच्यावर.

आणि असा माणूस घरच्या कूलरला चिकटून जातो. मी कसा विश्वास ठेवायचा?

मी काटोलहून पोहोचले तेव्हा जे कळलं ते एवढंच होतं. भर दुपारी बैठकीतला कूलर चालता चालता बंद पडला. तो जुना लोखंडी, खिडकीबाहेर अंगणात स्टँडवर ठेवलेला. घरातले बाकीचे पंखे चालू होते. प्राजक्ता, तुझी सून, अंगणात पाइप घेऊन टाकी भरायला उभी होती. तिनं तुला हाक मारली. तू अनवाणी आलास, वाळ्याची ताटी काढून आत बघायला कूलरला हात घातलास आणि चिकटलास. प्राजक्तानं तुला हात लावला नाही. ती घरात धावली, जिन्याखालचा मेन स्विच बंद केला आणि परत आली. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

बायकांनी त्यातलं नेमकं तेवढंच उचललं. "सासरा चिकटला अन् ही घरात पळाली," असं एक मामी मला ऐकू येईल इतक्या हळू बोलली. तिथं मात्र मी गप्प बसले नाही. म्हटलं, तिनं हात लावला असता तर आज दोन फोटोंना हार घातले असते. चिकटलेल्या माणसाला धरायचं नसतं, आधी लाईट तोडायची असते. आणि हे तिला शिकवलं कोणी? तूच. माप ओलांडून घरात आलेल्या नवरीला देवघरात न्यायच्या आधी तू जिन्याखाली नेलंस आणि मेन स्विच दाखवलास. तिच्या हाताची मेंदी ओली होती. "बेटा, देव पळून जात नाही. आधी हे पाहून ठेव." सगळे किती हसले होते. तू कूलरला चिकटलास त्या दिवशी तिनं तेच केलं, आणि त्याच गोष्टीवरून लोक तिच्याकडे वाकड्या नजरेनं बघत होते.

पण पाण्याच्या बाबतीत माझाही तिच्यावर विश्वास नव्हता, दादा. ती म्हणत होती, कूलर आधी थांबला, पाणी टाकलंच नव्हतं. अमोलनं तिला सगळ्यांसमोर विचारलं, "बंद पडलेल्या कूलरमंदी करंट कुठून आला?" तिला उत्तर देता येईना. मला तरी कुठं येत होतं? इतकी वर्षं मी शाळेत सहावीच्या पोरांना शिकवते, परिपथ तुटला की दिवा विझतो. मग बंद कूलर माणूस कसा मारेल? वहिनी म्हणाली, "चालू कूलरमंदी पाइप सोडाची सवय आहे तिले. त्यायनं कितीक खेपा सांगतलं होतं." झालं. सगळ्यांच्या मनात चित्र पक्कं झालं. हिनं चालू कूलरवर पाणी मारलं, मोटर भिजली, आणि आता ही झाकते आहे.

मी तिला एकटीला गाठून विचारलं. वेगवेगळ्या वाटांनी विचारलं, परीक्षेत कॉपी केलेल्या पोराला विचारतात तसं. ती दर वेळी तेच सांगायची. "आत्या, पाइप हातात होता. नळ पण उघडला नव्हता. खाली ओलं होतं ते सकाळच्या सड्याचं नाही, टाकीच गळते थोडी." दर वेळी तेच शब्द आले म्हणून मला वाटलं पाठ केलंय. शब्द बदलले असते तर म्हटलं असतं खोटं बोलते. शंकेखोराचं असंच असतं, तुला काय सांगायचं.

मग अमोल मला म्हणाला, तेरवी झाली की तिला काही दिवस माहेरी पाठवतो, भाऊ घ्यायला येणार आहे. हे सांगताना तो चपलेच्या पट्ट्याशी खेळत होता. "काही दिवस" म्हणजे किती, हे मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. असे काही दिवस कसे वाढत जातात ते मी गावात पाहिलेलं आहे. ही पोरगी खोटं बोलत असेल तर ते कळलं पाहिजे, आणि खरं बोलत असेल तर भाऊ यायच्या आत कळलं पाहिजे.

माझा पुढचा संशय कूलरवाल्यावर. अमोलनं कूलर घराबाहेर काढून सदर भागातल्या दुरुस्तीवाल्याकडे टाकला होता, त्यानंच यंदा नवा पंप बसवला होता. मी तिथं गेले ती भांडायच्या तयारीनंच. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्ही स्वतः पाहा." त्यानं मोटर खोलून दाखवली, कोरडी ठणठणीत. "यात पाणी गेलं असतं तं आतमंदी दिसलं असतं." मग पिनची अर्थिंगची तार सोडवून कूलर चालू केला आणि त्याच्या पत्र्याला टेस्ट लॅम्पची एक तार लावली, दुसरी त्याच्या दुकानातल्या अर्थिंगला. दिवा लागला नाही. पंप चालवला, तरी नाही. "हा कूलर मारतच नाही, ताई. तुमच्या घरी काही दुसरं झालं असन." मला त्याचाही भरवसा वाटला नाही, म्हणून तारा मीच पुन्हा लावून बघितल्या. कूलर निर्दोष होता. म्हणजे प्राजक्ताचं पाणीही निर्दोष. मग उरलं काय? भिंत.

घरी येऊन मी मेन स्विच बंद केला, फ्यूजचे कटआउट काढून पर्समध्ये टाकले आणि पर्स खांद्याला अडकवून बसले. कोणी म्हणालं, आत्या, फॅन तरी चालू द्या. म्हटलं, कोणी हलायचं नाही. लायसनवाला वायरमन बोलावला आणि कूलरचा सॉकेट खोलायला लावला.

दादा, त्या सॉकेटच्या मागे हाताच्या बोटाएवढा वायरचा तुकडा होता. एक टोक वरच्या मोठ्या भोकाच्या स्क्रूला, दुसरं न्यूट्रलच्या, म्हणजे परतीच्या तारेच्या, स्क्रूला. न्यूट्रलची मूळची तार उष्णतेनं काळी पडून सुटून आली होती. वायरमन बघून म्हणाला, "हे कोन्या मिस्त्रीनं केलं जी? असं नाही करत." मी वाकून बघितलं. त्या तुकड्याची दोन्ही टोकं दुमडून, दुहेरी करून स्क्रूखाली दाबलेली होती. एकेरी तार दाबायची तुला कधी पसंतच नव्हती. आपल्या घरात तुझ्याशिवाय असं कोणी करत नाही, हे मला टेस्टर न लावताही कळलं.

मग मी तिथंच जमिनीवर बसले आणि तू मला ओट्यावर शिकवलेला धडा आठवला. टॉर्चचा सेल, बल्ब आणि अंगठीएवढं वेटोळं केलेली तार. तू म्हणालास, करंट जातो तसा परत आला पाहिजे, फेरा पुरा झाला तर दिवा लागतो. मी तार सोडली, बल्ब विझला. मी विचारलं, मग करंट मेला का? तू म्हणालास, "मरत नाही वं नंदे. वाट पाहून राहते."

तेच झालं. सॉकेटची दोन भोकं करंटच्या जाण्यायेण्याची. तिसरं, मोठं, सुटकेची वाट: कूलरच्या पत्र्यात करंट उतरला तर तो जमिनीत जावा म्हणून. तिथून तार जमिनीत पुरलेल्या अर्थिंगपर्यंत जायला हवी. आपल्या घरात ती तार नव्हतीच, भोक नुसतं शोभेचं. तू तिसरं भोक परतीच्या तारेला जोडून टाकलंस. परतीची वाट धड होती तोवर सगळं ठीक चाललं. त्या दुपारी ती वाट तुटली. कूलर थांबला, पण बटण चालू होतं. करंट मोटरमधून पलीकडे आला, पुढे रस्ता नाही, म्हणून तुझ्या त्या तुकड्यावरून वळून कूलरच्या सगळ्या पत्र्यात येऊन उभा राहिला. फेरा पुरा करायला ओल्या जमिनीवर उभा असलेला कोणीतरी हवा होता. प्राजक्ता अक्षर न अक्षर खरं सांगत होती. कूलर बंद होता म्हणूनच त्यानं मारलं.

सहावीच्या पुस्तकात हे नाही. मीही कधी पोरांना सांगितलं नव्हतं की बंद पडलेल्या यंत्राला हात लावायच्या आधी पिन भिंतीतून काढायची. आता सांगते. पहिल्या तासाला सांगते.

मग मी तुकडा घेऊन वहिनीकडे गेले. ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. तुकडा ताटात ठेवला. तिनं तो बघितला आणि तिचा हात थांबला, तेव्हाच मला कळलं की तिला नवल वाटलेलं नाही.

"वहिनी, तुमाले माहीत होतं?"

तिनं ताटातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मागच्या उन्हाळ्यात कूलरले हात लावला का झिनझिन करे. मी रोज त्यायच्या मागं लागो. एक दिवस त्यायनं बोर्ड खोलला, काय केलं देव जाने. मंग मले म्हनलं, लाव आता हात. झिनझिन गेली होती."

"मग इतके दिवस सांगितलं काहून नाही?"

"सांगून काय करू, नंदाबाई? लोक म्हनतीन, आपल्याच हातानं मेला. साऱ्या जगाले शिकवत फिरला अन् स्वतः असा मेला. गेलेल्या मानसाचं नाव तरी राहू द्या."

"आणि घरात जिवंत आहे तिचं?"

वहिनीनं तुकडा उचलून पदराखाली घेतला. मी हात पुढे केला. तिनं दिला नाही. मी हात मागे घेतला नाही. शेवटी दिला. तिचा मला राग आला आणि तिची कीवही आली. तुझ्याकरता एवढं खोटं मी बोलू शकले असते का, मला ठाऊक नाही.

आता तुझ्यावरचा राग सांगते. गळणारा करंट ओळखून आपोआप लाईट तोडणारा स्विच बसव, म्हणून मी दर उन्हाळ्यात तुझ्याशी भांडले. तू म्हणायचास, "कूलर लावला का घडीघडी पडन तो. मंग झोपाले तुझ्या काटोलले येऊ का?" अर्थिंगचा खड्डा कर म्हटलं तर अंगणातली फरशी फुटेल. अरे, तो पडत राहिला असता तर तुला काहीतरी सांगत राहिला असता. ती झिणझिण वहिनीला काहीतरी सांगत होती. तू तिचं तोंड बंद केलंस आणि तुला वाटलं रोग बरा झाला. साऱ्या गावावर शंका घेतलीस, मिस्त्रीवर, मांडववाल्यावर, माझ्या पुस्तकावर. स्वतःच्या हातावर एकदा घ्यायला काय झालं होतं? परक्या फ्रिजला उलटी बोटं लावणारा माणूस आपल्या घरच्या कूलरला सरळ पंजा लावतो, कारण तो बोर्ड आपणच केलेला. हे भांडण आपलं अर्धवटच राहिलं. यात मी जिंकले, आणि असं जिंकून मी काय करू ते सांग.

तेरवीला पंगती उठल्या. प्राजक्ताचा भाऊ आला होता, तिची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. बैठकीत सगळे होते. मी उभी राहिले आणि वर्गात सांगते तसं, एकेक तार बोटांनी दाखवत सगळं सांगितलं. कूलर थांबला होता. पाणी टाकलं नव्हतं. करंट भिंतीतून आला आणि तो तुकडा दादानं बसवला होता. तुझं नाव घेऊन सांगितलं. एक काका म्हणाले, "गेलेल्या मानसावर काहून घालता, नंदाबाई?" मी म्हटलं, "त्याच्यावर घालत नाही. जिच्यावर तुम्ही घातलं, तिच्यावरून काढून राहिली." वहिनी खाली बघत होती. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खरं हाय. बोर्ड त्यायनंच खोलला होता." तेवढ्यासाठी मी तिला सगळं माफ केलं.

अमोल उठला. उघड्या सॉकेटपाशी गेला, बघत राहिला. मग दाराशी गेला, बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. अंगणातली फरशी तो फोडणार आहे, अर्थिंगचा खड्डा करणार आहे, तो स्विचही बसणार आहे. मी समोर उभी राहून करून घेणार, कारण त्याच्या बोलण्यावर माझा अजून पुरता विश्वास नाही.

सगळे गेल्यावर प्राजक्ता माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं, आभार मानेल. ती म्हणाली, "आत्या, एक सांगू? ताटी काढाले मीच हात घालत होती. माझे पाय ओले होते. बाबांनी मनगट धरून मले मागं ओढलं. म्हणाले, तू सर बाजूले, ओली आहेस. मी पाहतो."

"हे आधी काहून नाही बोलली वं?"

"बोलली होती. अमोल म्हणाले, आता गेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालशील."

दादा, तोवर मी रडलेच नव्हते. काटोलहून निघाल्यापासून मी नुसती कोणाला तरी पकडायला बघत होते. तुझ्या सुनेचं ते मनगट मी हातात घेतलं, जिथं तू धरलं होतंस तिथं, आणि मग मला तू गेलास हे कळलं.